डिसेंबरातला डास

नॉर्थ बे गावात नाताळ जुलैत येतो.
टोरांटोहून ट्रक येतात, त्यांत प्लॅस्टिकची सूचिपर्णी झाडं,
आणि माझा कागदाचा बर्फ, पोत्यापोत्यांनी.
मी तो पसरतो : आधी ओलं कापड, वर फेस,
मग चाळणीनं बारीक चुरा, छपरांवर, कुंपणावर,
पाहुण्या नटीच्या पापण्यांवर चिमूटभर.
तेहतीस अंश. लोकरी मफलरींखाली माणसं आंब्यासारखी पिकतात.

सगळ्या सिनेमांची गोष्ट एकच.
कुणीतरी घर सोडून गेलेलं असतं,
कुणीतरी घरात मरणाला टेकलेलं असतं,
आणि मध्ये एक पूल असतो, बर्फानं बंद.
तो पूल मी बंद करतो. उघडतोही मीच,
शेवटच्या दिवशी, पाला उडवायच्या यंत्रानं.

मरायचं काम ऑर्विल टेसियेकडं असायचं.
शाळेत भूगोल शिकवला जन्मभर, निवृत्तीनंतर हे.
नऊ उन्हाळ्यांत अकरा वेळा मेला.
कधी हृदयानं, कधी त्या बिननावाच्या आजारानं
ज्यात खोकला येतो पण चेहरा उतरत नाही.
दर वेळी मुलगी वेळेवर पोचायची.
दर वेळी तो म्हणायचा, "चूक माझीच होती,"
आणि दिग्दर्शक म्हणायचा, "ऑर्विल, जरा हळू मर."
जेवणाच्या सुट्टीत मला विचारायचा,
"लूसिएन, तुझ्या भावाचं काय?"
मी म्हणायचो, "असेल जिवंत."

गेतां चाळीस किलोमीटरवर राहतो, स्टर्जन फॉल्सला.
एकोणीस वर्षं झाली. बापाची बोट, बोटीचं इंजिन,
आणि इंजिन कुणी विकलं हा प्रश्न.
बोट कुजली, इंजिन घेणारा वारला,
प्रश्न मात्र ठणठणीत.
मधल्या रस्त्यावरचा पूल
कधीच बंद नसतो.

ऑर्विल खरा गेला तो एप्रिलात,
चिखलाच्या दिवसांत, जेव्हा खरा बर्फ
काळा पडून गटाराच्या कडेला झुरत असतो.
मुलगी व्हँकूवरहून निघाली होती. विमान वेळेवर होतं.
तोच थांबला नाही.
शवपेटीजवळ ती म्हणाली,
"टीव्हीवर तर दर वर्षी थांबायचे."
हसावं का, कुणाला कळेना. मग ती स्वतःच हसली,
आणि ते हसू मधेच कुठंतरी मोडलं.

डिसेंबरात त्याचा शेवटचा सिनेमा लागला.
मी एकटा, पुढ्यात डुकराच्या मांसाचा पाय, गार झालेला,
बाहेर खरा बर्फ, फुकटचा.
पडद्यावर ऑर्विल उशीवर, खिडकीबाहेर माझा चुरा,
मुलीचा हात हातात, व्हायोलिनं तयारीत,
आणि त्याच्या कपाळावर, डाव्या भुवईच्या वर,
डास.

ती दुपार आठवली. सगळ्यांनी श्वास रोखला होता.
डास पोट भरेस्तोवर बसला,
ऑर्विल मेलेलाच राहिला.
"कट" ऐकल्यावर कपाळ खाजवत म्हणाला,
"मेलेल्याचंही रक्त चालतं की याला!"

रात्री अकराला तोच सिनेमा परत लावतात.
मी फोन उचलला. नंबर बोटांनाच पाठ.
म्हटलं, "सात नंबरचं चॅनेल लाव."
पलीकडं आधीच तीच व्हायोलिनं होती,
माझ्या व्हायोलिनांच्या अर्धा क्षण मागं.
माझं नाव त्यानं विचारलं नाही.

"कपाळाकडं बघ."
"बघतोय," गेतां म्हणाला. मग खोकला,
बराच वेळ. चेहरा मला दिसत नव्हता.
"डास आहे."
"हं."
"नाताळात?"
"हं."

मग जाहिराती लागल्या :
गाद्या, कर्ज, बर्फ उपसायचं यंत्र.
फोन दोघांनीही ठेवला नाही.